तोंडी तक्रारीची पोच

आमच्या कॉलेजात कुंडलिक हिवराळे या माणसाला कोणी खिजगणतीत धरत नव्हतं, आणि न धरणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होते. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं, की ही बाई पहिल्यापासून त्यांना ओळखून होती. अजिबात नाही. अकरा वर्षं तो माणूस माझ्या केबिनच्या दाराबाहेर चार हातांवर बसत होता आणि मला त्यांच्याविषयी एवढंच ठाऊक होतं, की ते साडेबाराला डबा उघडतात आणि शिक्का फार जोरात मारतात.

मी नीला धुरी. मुलुंडच्या एका खाजगी कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचा कक्ष माझ्याकडे आहे. कक्ष हा शब्द जरा मोठाच झाला. एक केबिन, एक कपाट, भिंतीवर जगाचा नकाशा आणि खुर्चीत मी, एवढाच तो पसारा. मुलं मात्र बारा देशांतली. इथिओपिया, सुदान, येमेन, भूतान, म्यानमार, श्रीलंका, कुठून कुठून आलेली. कोणी फार्मसीला, कोणी कॉम्प्युटरला. इथलं पाणी त्यांना बाधतं, जेवण तिखट लागतं, रिक्षावाले त्यांना बघून मीटर टाकत नाहीत. मी त्यांची आंटी. कोणाला ताप आला तर मी पेज करून नेणार, कोणाचा सण असला तर त्या दिवशी ती सगळी माझ्या घरी भांडुपला जेवायला. माझा नवरा बाळा वैतागायचा. "गो, तू कॉलेजात नोकरी करतंस काय खानावळ चालवतंस?" असं विचारायचा आणि मग स्वतःच पिशवी घेऊन सुरमई आणायला जायचा.

माझी कामाची पद्धत ठरलेली होती. पोरगं दारात आलं की बसवायचं, पाणी द्यायचं, सगळं ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, "बघते मी. होऊन जाईल." मग फोन उचलायचा आणि ज्याच्याकडे काम अडलंय त्याला झापायचं. बरीच कामं अशी होऊनही जायची. त्यामुळे दर वर्षी अहवालात मी ताठ मानेने लिहायचे, 'परदेशी विद्यार्थ्यांच्या तक्रारी : शून्य.' कपाटात तक्रारींचं जाडजूड रजिस्टर होतं, ते पहिल्या पानापासून कोरं होतं. पाहुणे आले की मी ते उघडून दाखवायचे. माझ्या मुलांवर तक्रार करायची वेळच येत नाही, हे सांगताना मला खरोखर भरून यायचं.

आणि बाहेर हिवराळे. आवक-जावक कारकून. कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक कागदावर ते शिक्का मारणार, तारीख टाकणार, रजिस्टरात पुढचा नंबर देणार. तो आवक क्रमांक. बाहेर जाणाऱ्या पत्राला तसाच जावक क्रमांक. सडपातळ अंगाचे, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. मूळचे वाशिमकडचे, राहायला भांडुपलाच, पण माझ्या उलट्या टोकाला, डोंगराच्या बाजूला. बोलणं कमी. आमच्याकडे सगळे घाईत असतात, आणि हे मात्र नंबर देण्याआधी प्रत्येक कागद वरपासून खालपर्यंत वाचायचे. लोकांचा पारा चढायचा. "अहो, तुम्हाला वाचायला दिलंय का?" असं मीही त्यांना दोन-तीनदा सुनावलं होतं.

तीन वर्षांपूर्वी तपासणीला समिती येणार होती. परदेशी विद्यार्थ्यांच्या कल्याणाचे निकष आणि तक्रारीची पद्धत छापून तयार हवी, असा वरून निरोप आला. हातात दोन दिवस. मी एका परदेशी विद्यापीठाच्या वेबसाइटवरून सोळा पानं उचलली, त्यांचं नाव काढून आमचं घातलं, वर गेटचा फोटो टाकला आणि छापून मोकळी झाले. समितीने पुस्तिका हातात घेतली, कागद गुळगुळीत आहे ना ते बोटाने बघितलं आणि ठेवून दिली. ती पुस्तिका अख्ख्या कॉलेजात एकाच माणसाने वाचली.

समिती गेल्यावर आठवड्याभराने हिवराळे माझ्या दारात उभे. हातात पुस्तिका, तिला खाकी कव्हर घातलेलं, आत लाल पेनाच्या रेघा.

"मॅडम, पान नऊ. 'हिवाळ्यात विद्यार्थ्याच्या खोलीचं तापमान अठरा अंशांखाली जाऊ दिलं जाणार नाही.' हे मोजायचं कोणी?"

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. "हिवराळेकाका, ते तिकडचं आहे हो. तिकडे बर्फ पडतो. काढायचं राहून गेलं माझ्याकडून."

ते हसले नाहीत. "पण छापलंय ना, मॅडम. जावक नंबर पडलाय त्यावर. मीच टाकलाय."

त्यांनी थर्मामीटर आणला. स्वतः जाऊन वसतिगृहाच्या व्हरांड्यात टांगला. डिसेंबर-जानेवारीत रोज सकाळी कॉलेजला येताना वाकडी वाट करून तो बघायचे आणि आकडा लिहून ठेवायचे. एकवीस. वीस. एकोणीस. स्टाफरूममध्ये त्यांचं नाव पडलं 'अठरा अंश'. ठेवणारी मीच. मग जानेवारीतल्या एका पहाटे डोंगराकडून गार वारा सुटला आणि पारा सतरावर गेला. हिवराळ्यांनी टिपण आणलं, 'आज सतरा. नियमाप्रमाणे कार्यवाही व्हावी.' मी कपाळावर हात मारून वसतिगृहाच्या व्यवस्थापकाला, धवलला, फोन केला. स्टोअरमध्ये गोण्यांत भरलेली चाळीस ब्लँकेटं निघाली. वसतिगृह उघडलं तेव्हा घेतलेली, कधी वाटलीच नव्हती. अदिस अबाबाच्या मुली पोट धरून हसल्या. त्यांच्यात हिरुत होती, तेव्हा पहिल्या वर्षाला. "आंटी, आमच्या घरी याच्यापेक्षा जास्त थंडी," म्हणाली. पण ब्लँकेट तिने घेतलं, आणि सुदानची मुलं तर त्यात डोक्यापर्यंत गुरफटून बसली.

तेव्हापासून मला आणखी एक गोष्ट दिसायला लागली होती. मुलं माझ्या केबिनमधून बाहेर पडली की हिवराळ्यांच्या टेबलाशी थांबायची, त्यांच्या रजिस्टरात काहीतरी लिहायची, आणि ते एक चिटोरं फाडून त्यांच्या हातात द्यायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला परदेशी सह्या गोळा करायचा छंद लागला असेल. असू दे, म्हटलं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. जूनमध्ये कॉलेजने वसतिगृह हलवलं. मुलुंडची जुनी इमारत सोडून नाहूरला नवी भाड्याने घेतली. परदेशी विद्यार्थी कुठे राहतो हे वसतिगृहाने सरकारी नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं, आणि विद्यार्थ्याची मुदत दर वर्षी वाढवून घेताना कॉलेजच्या दाखल्यावरही तोच पत्ता लागतो. हिरुत तेव्हा तिसऱ्या वर्षात गेलेली. उंच, शांत, वर्गात पहिल्या पाचात. तिची मुदत जुलैअखेर संपत होती. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आंटी, दाखल्यावर मुलुंडचा पत्ता आहे. आम्ही तर नाहूरला."

"बघते मी. होऊन जाईल," मी म्हणाले. तिच्यादेखत धवलला फोन लावला. तो म्हणाला, "हो जाएगा मॅडम, टेन्शन नका घेऊ." फोन ठेवला आणि तिला आंबा कापून दिला.

दोन जुलैला माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दहा दिवसांचं काम, पण आत पू झाला आणि मी दीड महिना घरी पडून होते. हिरुत दोनदा बघायला आली. शेवयांचं पाकीट घेऊन आली होती. पत्त्याचा विषय तिने काढला नाही आणि माझ्या डोक्यातून तो केव्हाच गेला होता.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मी कामावर रुजू झाले, तर रजिस्ट्रार शरच्चंद्र सरांनी लगेच बोलावलं. सर वाईट माणूस नाहीत, घाबरट आहेत. टेबलावर नोंदणी कार्यालयाचं पत्र. हिरुतचा अर्ज पत्ता जुळत नाही म्हणून परत आला होता. वसतिगृह आम्हीच हलवलंय हे धवलने त्या कार्यालयाला कळवलंच नव्हतं, त्यामुळे ती न कळवता दुसरीकडे राहते असं दिसत होतं. कॉलेजने आठ दिवसांत खुलासा करावा, नाहीतर तिला देश सोडावा लागेल. म्हणजे सगळं एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं. दाखल्यावरचा पत्ता जुना आहे हे मुलीने आम्हाला सांगितलं होतं की नव्हतं? सांगितलं होतं असं आम्ही म्हटलं तर चूक कॉलेजची आणि मुलगी राहणार. नव्हतं म्हटलं तर कॉलेज स्वच्छ, आणि ती दोन वर्षांचं शिक्षण टाकून घरी.

"सप्टेंबरात पुन्हा समिती येतेय," सर म्हणाले. "आपल्या चुकीमुळे झालं असं लेखी गेलं तर पुढच्या वर्षी एक परदेशी मुलगा आपल्याला घेऊ देणार नाहीत. नीलाताई, तक्रारींचं रजिस्टर कोरं आहे ना?"

"हो."

"म्हणजे मुलीने कळवलेलं नाही."

मला आठवत होतं. तो दिवस, तो आंबा, ते तिचं वाक्य, सगळं लख्ख आठवत होतं. पण त्याच सप्टेंबरात माझं नाव उपनिबंधक पदासाठी जाणार होतं, आणि टाके अजून दुखत होते, आणि खरं कारण म्हणाल तर मी घाबरले. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते आणि ती वाटत राहावी अशीच माझी इच्छा आहे.

सरांनी पत्र टाइप करून घेतलं. 'सदर विद्यार्थिनीने राहत्या पत्त्यातील बदल महाविद्यालयास कोणत्याही प्रकारे कळविलेला नाही.' खाली सही केली आणि जावक क्रमांक टाकायला हिवराळ्यांना आत बोलावलं. हिवराळ्यांनी कागद घेतला आणि सवयीप्रमाणे वरपासून वाचायला लागले. सर बोटांनी टेबल वाजवत बसले.

"सर, यात संदर्भ राहिलाय."

"कसला संदर्भ?"

"या विषयावर आपल्याकडे आधी आवक आहे. उत्तर देताना आवकेचा संदर्भ टाकावा लागतो. आवक क्रमांक सहाशे बारा, तारीख एकोणीस जून. तो वर घालून आणा, मी लगेच नंबर देतो."

नाही म्हणाले नाहीत, आवाज चढवला नाही, खोटं आहे असंही म्हणाले नाहीत. संदर्भ राहिलाय, एवढंच. 

"आणा ते रजिस्टर," सर म्हणाले.

लाल कापडी पाठीचं, लांबलचक रजिस्टर. हिवराळ्यांनी पान काढून सरांपुढे फिरवलं आणि मीही उठून पाहिलं. सहाशे अकरा, वीज कंपनीचं बिल. सहाशे तेरा, विद्यापीठाचं परिपत्रक. मध्ये सहाशे बारा. 'हिरुत अलेमू, फार्मसी तिसरे वर्ष. तोंडी. विषय : वसतिगृह नाहूर येथे हलविले, दाखल्यावर पत्ता मुलुंडचा. कोणास सांगितले : नीला मॅडम. मिळालेले उत्तर : बघते, होऊन जाईल. पोच दिली.' शेजारी तिची सही, तिच्या लिपीत. आखडलेल्या हातापायांच्या माणसांची रांग उभी असावी तशी ती अक्षरं.

मी पान उलटलं. कोणी परवानगी दिली नव्हती, पण माझा हात थांबेना. येमेनच्या सालेमची उजवीकडून डावीकडे गेलेली सही, 'गिझर बंद'. म्यानमारच्या मुलीची गोल गोल अक्षरं, 'रात्री नऊनंतर गेटवर वॉचमन अपशब्द बोलतो'. भूतानचा, श्रीलंकेचा, नेपाळचा. मागचं वर्ष, त्याच्या मागचं वर्ष. इतक्या लिपी मी आयुष्यात एका जागी पाहिल्या नव्हत्या, आणि त्या सगळ्यांसमोर मराठीत, एकाच टपोऱ्या हस्ताक्षरात, माझं वाक्य. बघते, होऊन जाईल. बघते, होऊन जाईल. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या रकान्यात 'झाले' आणि तारीख होती. बऱ्याच ठिकाणी तो रकाना रिकामा होता. गेटवरच्या वॉचमनसमोरचा रिकामा होता. माझं शून्य असं पानोपानी पसरलेलं मी पाहत होते.

"ही काय तक्रार झाली?" सर म्हणाले. "अर्ज कुठे आहे? तुम्ही दारात बसून लोकांचं ऐकता की काय?"

"ऐकत नाही, सर. बाहेर आल्यावर विचारतो. पान अकरा." त्यांनी रजिस्टराखालून खाकी कव्हरची पुस्तिका काढली. "'तक्रार तोंडी किंवा लेखी करता येईल. तोंडी तक्रारही नोंदवली जाईल. दोन दिवसांत पोच दिली जाईल. पंधरा दिवसांत उत्तर दिलं जाईल. तक्रार केली म्हणून विद्यार्थ्याला कोणताही त्रास होणार नाही.' आपलंच आहे सर, नीला मॅडमनी केलेलं."

"आणि हे त्यांच्याच भाषेत सह्या घेणं?"

"इंग्रजीत सही करताना मुलं बिचकतात, सर. एकेकाची दर वेळी वेगळी येते. आपल्या लिपीत चुकत नाहीत. उद्या कोणी म्हणालं तो मी नव्हेच, तर काय करणार?"

सर खुर्चीत मागे रेलले.  मग अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "हिवराळे, जुनी रजिस्टरं कधीकधी हरवतातही."

"हरवतात, सर," हिवराळे म्हणाले. "आमचं कपाटही पावसात गळतं. पण पोचपावत्या त्यांच्याकडे आहेत."

"कोणाकडे?"

"ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडे. दोन वर्षांच्या दोनशे चौदा. काही मुलं पास होऊन गेली, ती आपापल्या देशात घेऊन गेली असतील. नंबर, तारीख, शिक्का, सगळं आहे त्यावर."

यात धमकी नव्हती. माहिती विचारली, ती त्यांनी दिली.  खार्टूममध्ये, थिंफूमध्ये, कुठल्या तरी घराच्या कपाटात, सर्टिफिकिटांच्या फायलीत, मुलुंडच्या आमच्या जिन्याशेजारच्या टेबलावरचा तो जांभळा शिक्का पोचलेला होता. मी ज्या माणसाला अठरा अंश म्हणून हसत होते, त्याने माझ्या नाकासमोर बसून कॉलेजचा शब्द बारा देशांत नेऊन ठेवला होता, आणि त्याबद्दल एका माणसाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांच्यासमोर बसणं अवघड झालं. मी उभीच राहिले.

सर आता माझ्याकडे वळले. "नीलाताई, हे वाक्य तुमचं आहे? की हिवराळ्यांनी आपल्या मनाने घातलंय? तुम्ही नाही म्हणालात तर ही कारकुनाची कल्पना ठरते, मग मी बघतो काय करायचं ते."

सुटायची वाट त्यांनी माझ्यासाठी उघडून ठेवली होती. हिवराळे माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी पेनाचं टोपण काढलेलं होतं आणि ते पत्रावरच्या रिकाम्या जागेकडे बघत होते, जिथे संदर्भ यायला हवा होता. मी काय बोलणार याची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसली असती तर कदाचित मी खोटं बोलले असते. पण ते नुसते थांबले होते.

"माझंच आहे, सर," मी म्हणाले. "मुलीने सांगितलं होतं. मी धवलला फोन केला आणि विसरले. मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला आठवत होतं, तरी मी बोलले नाही."

सरांनी पत्र फाडलं.  मग त्यांनी नवीन पत्र सांगायला सुरुवात केली, आणि सगळ्यात आधी संदर्भाची ओळ सांगितली.

बाहेर आल्यावर मी हिवराळ्यांच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले. त्या स्टुलावर मी अकरा वर्षांत पहिल्यांदा बसत होते. आणि माझा स्वभाव बघा, पहिलं तोंडातून आलं ते भांडणच.

"काका, तुम्हाला सगळं माहीत होतं तर मला आठवण का नाही केलीत?"

"टिपण दिलं होतं, मॅडम. पंधरा दिवस झाले तेव्हा, चार जुलैला. तुमच्या टेबलावर आहे अजून. तुम्ही दोन तारखेपासून रजेवर."

"मग सरांना द्यायचं."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "द्यायला हवं होतं. पान बारावर आहे ते, अधिकारी रजेवर असेल तर वरच्याकडे द्यावं. ते माझं चुकलं. नोंद केली आणि मला वाटलं माझं काम झालं." मग म्हणाले, "सकाळीच तसं लिहून सरांच्या टपालात ठेवलंय, त्यांनी अजून उघडलं नसेल. नऊशे अठ्ठ्याहत्तर."

मी रजिस्टर ओढून बघितलं. खरंच होतं. 'कुंडलिक धोंडिराम हिवराळे, कारकून. विषय : क्र. ६१२ वरिष्ठांकडे वेळेत सादर न केल्याबाबत.' आपल्या चुकीला आपणच आवक क्रमांक देणारा माणूस मी बापजन्मी पाहिला नव्हता. माझ्याने पुढे भांडवेना.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा घरचं काही सांगितलं. त्यांचे वडील धोंडिराम, वाशिमकडच्या एका गावात आपल्या वस्तीला विहीर मिळावी म्हणून तहसिलीत अर्ज देत होते. सात वेळा दिला. प्रत्येक वेळी साहेब म्हणायचा, अर्ज आलाच नाही. आठव्या वेळी खिडकीत एक नवा कारकून होता. त्याने न मागता दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून ती वडलांच्या हातात दिली. त्यानंतर अर्ज आलाच नाही असं कोणाला म्हणता आलं नाही. विहीर व्हायला आणखी चार वर्षं गेली, पण झाली.

"वडलांना वाचता येत नव्हतं," हिवराळे म्हणाले. "पण ते विहिरीपेक्षा त्या कारकुनाबद्दलच जास्त बोलायचे. त्याचं नाव त्यांना कळलं नाही कधी."

एवढं सांगून त्यांनी पुढचा कागद ओढला आणि शिक्का मारला. मी तिथेच बसून राहिले. ते टेबल, ते जांभळं शाईचं पॅड, ती तीन पेनं, या सगळ्याकडे मी देवळात बसल्यासारखी बघत होते, आणि असं वाटत असल्याचं मला काही नवल वाटलं नाही.

संध्याकाळी पत्राची प्रत घेऊन मी नाहूरला वसतिगृहावर गेले. हिरुतची खोली तिसऱ्या मजल्यावर. दार उघडं होतं, पलंगावर दोन बॅगा, एक भरून झालेली. ती वह्या दोरीने बांधत होती. रविवारचं विमान होतं म्हणे. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं, पलंगाच्या कडेवर बसली आणि वह्यांची दोरी पुन्हा सोडायला लागली.

मला एक गोष्ट कळत नव्हती. "हिरुत, तुला पोच मिळाली होती ना? हिवराळेकाकांची चिठ्ठी?"

तिने पासपोर्ट काढला. त्यात, पहिल्याच पानावर, घडी घातलेलं ते चिटोरं होतं. सहाशे बारा, एकोणीस जून.

"दोन महिने हे तुझ्याकडे आहे. एवढं सगळं होत होतं, तू देश सोडून निघालीस, मग हे रजिस्ट्रार सरांना का नाही दाखवलंस?"

तिला मराठी जोडून जोडून बोलावं लागतं. "आंटी, यावर तुमचं नाव आहे," ती म्हणाली. "तुम्ही हॉस्पिटलमध्ये. मला वाटलं, मी दाखवणार तर तुमची नोकरी जाणार. तुम्ही माझ्यासाठी पेज आणली होती."

मी त्या पेजेचा किती अभिमान बाळगला होता. ती पेज या मुलीला इतकी महाग पडली होती, की ती बदल्यात आपलं शिक्षण द्यायला निघाली होती, आणि वर तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मी तिला जवळ घेतलं नाही. मला तसा हक्क वाटला नाही. मी एवढंच म्हणाले, "माझ्याविरुद्ध तक्रार लिही. लेखी." ती नको नको म्हणत राहिली आणि मी निघाले.

बाराव्या दिवशी तिची मुदत वाढून आली. माझं नाव उपनिबंधक पदासाठी गेलं नाही, आणि ते योग्यच झालं. कक्ष मात्र माझ्याकडे राहिला. त्या वर्षीच्या अहवालात परदेशी विद्यार्थ्यांच्या तक्रारींसमोर मी आकडा लिहिला, त्र्याऐंशी. शरच्चंद्र सरांनी तो बघितला, डोळे मिटले आणि सही केली.

हिरुतची तक्रार आली ती दिवाळीनंतर. हिवराळे ती घेऊन आत आले. एक पान, इंग्रजीत, नीटस अक्षर. वर नंबर पडलेला, शिक्का बसलेला. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि पोचेसाठी रजिस्टर उघडून धरलं. पोच देण्याआधी वाचायचं असतं, हे आता मीही शिकले होते. तिने लिहिलं होतं :

'नीला आंटी माझ्याशी आईसारख्या वागतात. म्हणून एकदा सांगितल्यावर मला त्यांना पुन्हा विचारता आलं नाही. कॉलेजने असं कोणीतरी नेमावं, ज्यांना मी पुन्हा विचारू शकेन.'

हिवराळ्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे केलं. 'मिळाली' एवढंच लिहायचं होतं. ते लिहायला मला बराच वेळ लागला, आणि तोवर ते उभे राहिले.